विहिणीची भाषा

जपानी शिकायला किती दिवस लागतात, असं मेश्राम बाईंना कुणी विचारलं की त्या आधी उलट विचारत, "कोणासंग बोलाचं आहे?"

दुकानदाराशी बोलायचं असेल तर एका पावसाळ्यात काम होईल, असं त्यांचं मत होतं. डॉक्टरशी बोलायचं असेल तर दोन-तीन वर्षं धरावीत. आणि विहिणीशी बोलायचं असेल तर? यावर बाई अंबाड्यात खोचलेला खडू काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मंग लग्नाच्या आधीच सुरुवात कराले पाहिजे. मले उशीर झाला."

आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत आणि मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्या पंचेचाळीशीच्या असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड काचांचा चष्मा. बाराही महिने हातात छत्री. ती त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नाही. त्या छत्रीने त्या फळ्यावरचं उदाहरण दाखवत, व्हरांड्यातली कुत्री हाकलत आणि बोलताना एखादा मुद्दा पटला नाही की तिचं टोक जमिनीवर आपटत. वर्गात बोलायच्या ते अगदी पुस्तकी, शुद्ध. शिक्षकांच्या खोलीचा उंबरठा ओलांडला की लगेच नागपुरी. उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झालेल्या मुलीला त्या वही परत करत आणि म्हणत, "उत्तर ठीक आहे. रीत दाखव." त्यांच्या दृष्टीने रीतीशिवाय आलेलं उत्तर म्हणजे चोरीचा माल.

त्यांची एकुलती मुलगी सुजाता कुष्ठरोग्यांच्या एका इस्पितळात नर्स होती. तिथे प्रयोगशाळेत काम करायला केंजी नावाचा जपानी मुलगा आला होता. दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा बाईंनी फार खळखळ केली नाही. "आपण छप्पन साली धर्म बदलला, आता पोट्टीनं देश बदलला तर काय बोलाचं," एवढंच म्हणाल्या. मेश्राम साहेब रेल्वेत होते. ते तर तसेही घरात फार बोलत नसत. पण केंजीच्या आईला हे लग्न पसंत नव्हतं. त्या लग्नाला आल्या नाहीत. सुजाता तिकडे राहायला गेल्यावर सासू तिच्याशी बोलत असे, पण कामापुरतंच. ही बातमी आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही.

"मले तिले एकच विचाराचं आहे कुसुम," त्या मला म्हणाल्या. "माह्या पोरीत काय कमी आहे?"

मी म्हटलं, "बाई, केंजीला सांगा ना. तो विचारेल."

"पोरगा आईले असं विचारत असते काय? अन् विचारलं तरी मधात पाणी घालून सांगन. हे मलेच विचारलं पाहिजे. तिच्या भाषेत."

अशी सुरुवात झाली. शिक्षकांच्या खोलीत लगेच पसरलं की मेश्राम बाई विहिणीशी भांडायसाठी जपानी शिकून राहिल्या.

लायब्ररीतून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं. तीन महिन्यांत जपानी, असा त्याचा दावा होता. बाईंनी ते गणिताचं पुस्तक तपासावं तसं तपासलं आणि आठवडाभरात निकाल दिला, "लिहिणारा खोटं बोलून राहिला." पण त्याच पुस्तकाच्या शेवटी जपानी अक्षरांचा तक्ता होता. तो पाहून त्या सकाळी प्रार्थनेच्या आधीच मला शोधत आल्या. आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. त्यानंतर स, त, न, ह, म, य, र, व.

"हे पाय. हे तं आपली बाराखडी होय. क्रमसुद्धा आपलाच. बुद्धाच्या संग गेली असन तिकडे."

हे त्यांनी घरी शेजारच्या राऊत हवालदारांनाही सांगितलं. हवालदार लढाईत सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले होते आणि तीन वर्षांनी हाडांचा सापळा होऊन परत आले होते. आता पेन्शनीवर होते आणि अंगणात गुलाब लावत. ते कुंपणापलीकडून ऐकत होते. खुरपं थांबवून म्हणाले, "आपल्याकडून गेली म्हणता बाई? मंग मले काहून मारत होते?"

हवालदारांना त्या भाषेचं नावही नको होतं. बाईंनी एकदा शिकवा म्हणून विनंती केली तेव्हा ते उठून सरळ घरात गेले. पण बाई रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून मोठ्याने आकडे घोकत, आणि घोकत ते चूक. गणिताची बाई आणि आकडे चूक, हे हवालदारांना किती दिवस सहन व्हावं? एका संध्याकाळी कुंपणापलीकडून करडा आवाज आला, "सात म्हणजे शिची नाही. हिची नाही. श्‌ची. जीभ आखूड करा."

सकाळ-संध्याकाळ कैद्यांना रांगेत उभं करून जपानीत मोजणी म्हणायला लावत. चुकलं की काठी. त्यामुळे हवालदारांचे आकडे एखाद्या प्रोफेसरला लाजवतील असे होते. आकड्यांपुढे मात्र त्यांच्याकडे फक्त हुकूम होते. सावधान, विश्राम, थांब, पळ, उचल, लवकर आणि दोन-तीन अस्सल शिव्या. बाईंनी शिव्यांसकट सगळं पाठ केलं. "कामात येईन," म्हणाल्या.

इकडे पुस्तकात सगळी अतिनम्र भाषा. आपला उल्लेख खाली, समोरच्याचा वर, आणि प्रत्येक वाक्यानंतर माफी. म्हणजे बाईंच्या जपानीत दोनच मजले होते. वरचा मजला राजदरबाराचा आणि खालचा कैद्यांच्या छावणीचा. मधे जिना नव्हता. सुजाताने तिकडून कॅसेट पाठवली, पण तिने रेडिओवरचा कार्यक्रम टेप करताना घाईत हवामानाचा अंदाजच टेप केला होता. बाईंनी तोही सोडला नाही. वर्षभरात त्या उत्तम जपानीत सांगू लागल्या की पश्चिम किनाऱ्यावर ढग दाटून येतील आणि रात्री विखुरलेला हिमवर्षाव होईल. हे आम्ही एप्रिल महिन्यात, नागपुरात, पंख्याखाली बसून ऐकत असू.

चित्रलिपीची पाळी आली तेव्हा त्यांनी वेगळी रीत काढली. कागदावर हात वळत नाही म्हणून सकाळी फाटकापुढे रांगोळीने रोज एक अक्षर काढायचं. कुठली रेघ आधी, कुठली मागून, याचा नियम असतो म्हणे. तो मोडला की अक्षर पुसून पुन्हा. पहिल्या दिवशी झाड. दुसऱ्या दिवशी दोन झाडं, म्हणजे राई. तिसऱ्या दिवशी तीन झाडं, म्हणजे जंगल. "किती सरळ हिशेब आहे पाय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शेत आणि खाली जोर असं अक्षर काढलं. त्याचा अर्थ पुरुष. मेश्राम साहेब ड्यूटीवर निघाले होते. त्यांनी सायकल थांबवून अर्थ विचारला आणि म्हणाले, "मंग मी याच्यात बसत नाही. मी रेल्वेत आहो." छपराखाली बाई काढली की शांती, हे अक्षर बाईंना अजिबात पटलं नाही. ते त्यांनी काढलं, पाहिलं आणि छत्रीने पुसलं. "हे लिहिणारा माह्या घरी आला नोहता."

समोरच्या कुर्वे काकूंच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. रोज पहाटे कुठली तरी नवी आकृती, तीही मोजून-मापून, पुन्हा पुन्हा पुसून काढलेली. त्यातच त्यांचं वर्षाचं लोणचं बुरसलं. काकू चार बायका घेऊन फाटकाशी आल्या आणि करणी कशासाठी करता म्हणून विचारू लागल्या. ज्या बाईने आयुष्यभर मुलींना ताईत-गंडे काढायला लावले, तिच्यावर करणीचा आळ. बाईंनी शांतपणे सगळ्यांना खाटेवर बसवलं आणि आकृतीचा अर्थ सांगितला. त्या दिवशीचं अक्षर नेमकं तीन बायका एकत्र काढल्या की होतं ते होतं.

"मंग काय होते याचा अर्थ?" काकूंनी विचारलं.

"गोंगाट," बाई म्हणाल्या.

काकू हसत सुटल्या. पुढे त्याच सगळ्यांना सांगू लागल्या की आज मेश्राम बाईच्या दारात पाऊस लिहिला आहे, आज घोडा. लोणच्याचं खापर बरणीवर फुटलं.

पण बाईंना खरी रीत सापडली ती एकामागून एक चुका करत दोन वर्षं गेल्यावर. पुस्तक सांगायचं की जपानीत क्रियापद शेवटी येतं, जणू काही मोठं संकटच. बाई जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेत, मग मराठीत आणत, आणि वाटेतच थकत. एक दिवस माझ्याकडे नववीच्या वह्या तपासायला होत्या. मी एका मुलीचं वाक्य लाल शाईने खोडत होते. तिने लिहिलं होतं, 'आई जेवण करून राहिली होती.' बाईंनी माझा हात धरला.

"खोडू नको. 'खाऊन राहिली.' ताबेते इरु. ताबेते म्हणजे खाऊन, इरु म्हणजे राहणं. अगं हे तं शब्दाले शब्द आहे." त्या उभ्याच राहिल्या. "खाऊन पाहणं, ताबेते मिरु. खाऊन टाकणं, ताबेते शिमाउ. माह्या मायची भाषा आहे वं ही. मी मूर्ख, इंग्लंडाहून फिरून जाऊन राहिली होती."

मी त्या मुलीचं वाक्य तसंच राहू दिलं. त्या दिवसानंतर बाईंनी इंग्रजी पुस्तक लायब्ररीत परत केलं आणि थेट नागपुरीतून जपानीत जाऊ लागल्या.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर विहीण यायचं ठरलं. सुजाता आणि केंजी त्यांना घेऊन येणार होते. नाव हारुए. बाईंनी जावयाला आधीच बजावलं, "तू मधात बोलाचं नाही." स्टेशनवर सोबत म्हणून मीही गेले. गाडीतून एक बारीक, पांढऱ्या केसांची, ताठ बाई उतरली. हातात लहानशी बॅग, चेहऱ्यावर काहीच नाही. मेश्राम बाईंनी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांची तयारी, आणि त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. फक्त कॅसेट उरली. त्या स्पष्ट, खणखणीत जपानीत काहीतरी म्हणाल्या. केंजीने तोंडावर रुमाल धरला. सुजाताने मला कानात सांगितलं, "आई म्हणाली, आज पश्चिमेकडून ढग येण्याची शक्यता आहे."

हारुएबाईंनी गंभीरपणे आकाशाकडे पाहिलं. फेब्रुवारीचं निळंशार आकाश. मग त्यांनीही वाकून उत्तर दिलं. छत्री आणली आहे हे चांगलं केलंत, असं त्या म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी तो प्रश्न विचारला. मी सांभारवडीचा डबा द्यायला गेले होते आणि तिथेच बसले होते. बाईंनी चष्मा पुसला, पदर नीट केला आणि एकेक शब्द ठेवत विचारलं. माझ्या मुलीत काय कमी आहे? सुजाता खाली मान घालून बसली होती. केंजी उठणार होता, बाईंनी डोळ्यांनी त्याला बसवलं.

पण प्रश्न वरच्या मजल्यावरचा होता, अतिनम्र. हारुएबाईंनी थोडा विचार केला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. एकदा, मग परत.

नंतर मला त्यांनीच सांगितलं. विहिणीला वाटलं, मुलीला तिकडे कशाची उणीव आहे, काय पाठवू, असं ही विचारते आहे. तर ती म्हणाली, थंडीत तिचे पाय फार गार पडतात. मी लोकरीचे मोजे विणून तिच्या उशाशी ठेवते, पण ती लाजते आणि घालत नाही. तिला सांगा, घालत जा. आणि तिला भात आमच्यासारखा चिकट आवडत नाही. ती बोलत नाही, पण मला कळतं.

"मी भांडाले बसली होती," बाई म्हणाल्या. "अन् ही तिचे पाय गार पडतात म्हणून सांगून राहिली. काय बोलाचं सांग."

सासू कामापुरतं बोलायची याचं कारण पुढे बर्डीच्या बाजारात कळलं. बाई विहिणीला साडी घ्यायला घेऊन गेल्या होत्या. मीही होतेच. हारुएबाई दुकानाच्या पाटीकडे पाहत रस्त्यात उतरल्या आणि उतारावरून एक सायकलरिक्षा सुसाट येत होती. बाईंना 'जपून' म्हणायचं होतं. तो शब्द 'किओत्सुकेते'. घाईत शेवटचं 'ते' तोंडातच राहिलं आणि हवालदारांच्या आवाजात, हवालदारांच्या जोरात बाहेर पडलं, "किओत्सुके!"

म्हणजे सावधान.

हारुएबाई भर बर्डीत, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून, सैनिकासारख्या ताठ उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याने शिवी देत त्यांना वळसा घातला. पानाच्या ठेल्यावरची माणसं पाहत राहिली. कितीतरी क्षण त्या तशाच होत्या. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्या दुकानाच्या पायरीवर बसून हसू लागल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलत होते. हसता हसता त्या रडत होत्या हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

लढाईच्या काळात त्या शाळेत शेवटच्या वर्गात शिकत होत्या. रोज सकाळी मुलींना मैदानात उभं करून हाच हुकूम देत आणि बांबूचे भाले चालवायला शिकवत. तीस-बत्तीस वर्षांत तो शब्द असा त्यांच्यावर कुणी फेकला नव्हता. त्यांचा थोरला भाऊ ब्रह्मदेशात गेला तो आलाच नाही. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं की पश्चिमेला गेलेला मुलगा परत येत नसतो. केंजी हिंदुस्थानात गेला, तिथलीच बायको केली, म्हणजे हाही गेला. सुजाताशी बोलताना त्यांना सारखी भीती वाटे की ही त्याला परत घेऊन जाईल. बाईंनी हे सगळं पायरीवर बसून ऐकलं. त्यांनी विहिणीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग हारुएबाईंनी विचारलं, तो शब्द तुम्हाला कुणी शिकवला?

विहिणीला तुम्हाला भेटायचं आहे, असं हवालदारांना बाईंनी संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "मले जमणार नाही बाई. तिची चूक नाही, मले ठाऊक आहे. पण मले जमणार नाही." आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हारुएबाई बाईंच्या अंगणात रांगोळी पाहत उभ्या होत्या. हवालदार गुलाबांना पाणी घालायला बाहेर आले. दोघांच्या मधे कमरेएवढं कुंपण. हारुएबाई वळल्या, त्यांना पाहिलं, आणि कमरेत वाकल्या. वाकल्या त्या वर येईनात.

हवालदार हातात झारी घेऊन उभे. पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं. काय बोलावं? त्यांच्याकडे त्या भाषेत हुकुमांशिवाय काही नव्हतं. ते इकडेतिकडे पाहू लागले, बाईंकडे पाहू लागले. बाईंनीही मदत केली नाही. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "यासुमे."

विश्राम. कैदेत दिवसभराच्या कवायतीनंतर ऐकायला मिळणारा तेवढाच एक सुखाचा शब्द.

हारुएबाई सरळ झाल्या. हवालदारांनी एक गुलाब तोडला. तो कुणाला द्यावा हे न सुचून कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि आत निघून गेले. बाईंनी तो उचलून विहिणीच्या केसांत खोचला. आपल्या अंबाड्यात त्या खडू खोचत असत, तसाच.

यानंतर बाईंचं नाव गावात झालं. रविवारी सकाळी त्या शाळेच्या एका वर्गात जपानी शिकवू लागल्या. सुरुवातीला वर्ग भरून जाई, महिन्याभरात बाकं रिकामी होत. कोराडीच्या वीजकेंद्रातला एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याला परदेशात जाण्यासाठी महिनाभरात भाषा हवी होती. बाईंनी त्याला सांगितलं, "आज दिवसभर काय काय केलं ते घरी जाऊन आईले सांग. एकही इंग्रजी शब्द नको. मंग ये." तो पुढच्या रविवारी पडेल चेहऱ्याने आला. म्हणाला, दुसऱ्या वाक्याला अडलो. बाई म्हणाल्या, "तुले आधी मराठी शिकाची आहे बापा. ते शिक, जपानी मागून येते." तो रागावला नाही, राहिला, आणि पुढे खरंच शिकला. मी तो वर्ग तीन पावसाळे केला. मला अक्षरं आली, थोडं हवामान आलं. बाई माझ्याकडे पाहून म्हणत, "कुसुमले कोणासंगच काई बोलाचं नाही, म्हणून येत नाही." हे खरं असावं.

त्या निवृत्त झाल्या आणि माझीही बदली झाली. मग भेटी कमी होत गेल्या. सुजाताला मुलगी झाल्याचं आणि ती सुट्टीत आजीकडे येते असं कानावर यायचं.

एकदा काही कामाने नागपुरात आले होते. ऑटोने महाराजबागेवरून जात होते तेव्हा फाटकाजवळ गर्दीने आम्ही थांबलो. आत झाडाखाली मेश्राम बाई जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब करून. पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी, कमरेवर हात ठेवून त्यांना काहीतरी बजावत होती. जपानीत. बाई मधेच तिला तोडून बोलत, हात हलवत, नाही म्हणून मान झटकत; मुलगी पाय आपटत होती. कशावरून भांडत होत्या, मला एक शब्द कळला नाही. मग दोघीही एकदम हसल्या. मुलीने बाईंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, फ्रॉकच्या कडेने पुसायला घेतला, आणि चष्म्याशिवायच्या बाई उगाचच रस्त्याकडे पाहू लागल्या.

मी हात वर केला. त्यांना दूरचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी बाई ऑटोतून आपल्याला ओळख देते आहे, एवढंच उमगलं असावं. आपण कुठल्या देशात बसलो आहोत याचा त्यांना त्या क्षणी विसर पडला होता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बसल्या जागी, परक्या माणसाला करावा तसा, कमरेतून वाकून मला जपानी नमस्कार केला.

मीही वाकले. तेवढ्यात गर्दी हलली आणि ऑटो पुढे गेला.